वेचाई कोण करणार?

"वयनी, भाऊजी कुठं दिसून नाही राहिले? पराटी तं फुटून लोंबून राहिली."

"मुकुटबनले गेले भजनाले. खंजिरी हातात आली का मंग वावर काय अन् बायको काय!"

"मानधन भेटते का?"

"मानधन? चहा! लयच झालं तं नारळ."

"तुकडोजी महाराजांनी १९३५ ले मोझरीले गुरुकुंज काढला, तवापासून हेच. प्रार्थना सांगणारा, पुढं ग्रामगीता समजावणारा माणूस गावातलाच. दिवसा वखर, राती खंजिरी."

"आमच्या घरी वखराचा नंबर लागतच नाही, बाई."

"मागच्या शतकाच्याही मागं इंग्लंडात असेच होते. मेथडिस्ट पंथाचे. पगारी पाद्री थोडे, म्हणून चांभार, खाणीतले, शेतमजूर रविवारी प्रवचन करत. तीन महिन्यांचा छापील कागद निघे, कोन्या रविवारी कोन कोन्या गावाले. मैलोगणती पायी जाणं, पायी येणं."

"असा कागद मले आणून द्या. चुलीजवळ चिकटवतो. निदान मालूम तं पडन मानूस कुठं हाय."

"त्यातला जोसेफ आर्च वई छाटाच्या कामात सगळ्या इंग्लंडात पहिला."

"अन् आमची वई पाहा. बकरी सरळ आत येते."

"ऐका तं. १८७२ च्या फेब्रुवारीत वेल्सबर्न गावी मजुरांनी त्याले बोलावलं. अंधारी रात, झाडाखाली कंदील. तीस-चाळीस येतील वाटलं, हजाराच्या वर जमले. हा डुक्कर कापाच्या बाकावर उभा राहून बोलला. त्यातून शेतमजुरांची युनियन झाली, अन् १८८५ ले गडी पार्लमेंटात."

"भजनातून पार्लमेंट?"

"दर रविवारी चारचौघांत बोलून जीभ सुटलेली. मालकापुढं भ्याव कशाचं? टॉलपडलचा जॉर्ज लव्हलेसही असाच प्रवचनकार. मजुरी कापू नका म्हणून संघटना बांधली, त्यात शपथ घेतली. १८३४ मंदी सहा जणांले सात वर्षांची काळ्या पाण्याची सजा, ऑस्ट्रेलियाले."

"महाराजालेबी बेचाळीसात आत टाकलंच ना! नागपूर, रायपूर. चिमूर पेटलं, त्याच साली."

"तेच म्हणतो. सरकारले टाळाचं भ्याव नसते, बोलणाऱ्याचं असते."

"बाया बोलत का तिथं?"

"मेथडिस्टांच्या मोठ्या मंडळीनं १८०३ ले बायांचं पुरुषांपुढं बोलणं जवळपास बंदच केलं. प्रिमिटिव्ह मेथडिस्ट वेगळे निघाले, त्यांनी बोलू दिलं."

"आमच्या इथं बाया सडा टाकतात, पंगतीले वाढतात, अन् मागं बसतात."

"मंग तुमी बोला."

"बोलतो नं! ग्रामगीतेतला एक अध्याय मले बसून समजावून सांगा. येत्या गुरुवारी उभी राहतो."

"अन् भाऊजी?"

"वेचाईले जातीन. ओटी मी बांधून देतो."