तेरावा

हुतूतूचे नियम सगळीकडे एकसारखे झाले नव्हते, तेव्हा आपल्याकडे मरणाचे तीन प्रकार चालत. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक मेलेला गडी ढुंगणाची माती झटकत उठायचा आणि पुन्हा आत यायचा. अमरमध्ये मरण नुसतं वहीत लिहिलं जाई, गडी मैदानातच. गामिनीत मात्र गेला तो गेला. सगळा संघ संपेपर्यंत त्याने रेषेबाहेर बसून राहायचं. पुढे १९२३ साली बडोद्याच्या स्पर्धेत छापील नियम आले, काळाच्या ओघात संजीवनीच रुळली, आणि बरंच झालं म्हणायचं. बाहेर उकिडवी बसलेली आपलीच पोरं टक लावून बघत असताना चढाईला जाणं काही सोपं नसणार. पण मला या खेळात सगळ्यात आवडतो तो दम. समोरच्याला मारायचं तर स्वतःचा श्वास खर्चायचा. एका दमात जेवढे मरतील तेवढे आपले, दम सुटला की मारणाराच मेला. मारणाऱ्यावर इतकी सभ्य अट कुठल्या तहनाम्यात घातल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पडद्यावरच्या खेळांत ही अट कुणी घातली नाही. भाचा लहान असताना आमच्या कासारवाडीच्या घरात कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम आला, आणि उन्हाळ्याच्या एका सुट्टीत आमच्या पुढच्या खोलीत जेवढी माणसं मेली तेवढी पानिपतावरही मेली नसतील. 'काँट्रा'तले शिपाई गोळी लागली की चमकून नाहीसे व्हायचे. देह नाही, रक्त नाही, मागे रडणारं कुणी नाही. अंत्यविधीच्या दृष्टीने फारच सोयीचे लोक. दुसरा खेळ बदकांच्या शिकारीचा होता. बदक पडलं की कुत्रा ते उचलून दाखवी आणि नेम चुकला की गवतातून डोकं वर काढून खुदुखुदु हसे. मारल्याचं दुःख कुठेच नव्हतं, न मारल्याची लाज तेवढी होती. भाचा त्या कुत्र्याला गोळ्या घालायचा. कुत्रा मरत नसे. त्या घरातला अमर गडी तोच.

त्याआधीही एक खेळ होऊन गेला होता, हे मला फार पुढे कळलं. १९७६ साली अमेरिकेत 'डेथ रेस' नावाचं यंत्र आलं. गाडी चालवायची आणि पडद्यावर पळणाऱ्या काडीएवढ्या आकृत्या चिरडायच्या. चिरडलेली आकृती किंचाळे आणि तिच्या जागी एक क्रूस उभा राही. त्यावरून तिकडे मोठा गदारोळ झाला. पण मला गंमत वाटते ती त्या क्रुसाची. तो तिथून हलत नसे. जितके बळी जास्त, तितके क्रूस जास्त, आणि थोड्याच वेळात आपलीच गाडी आपल्याच पराक्रमात अडकायला लागे. संध्याकाळी सात वाजता नाशिक फाट्यावर ज्याने गाडी चालवली आहे, त्याला ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

आता तो भाचा चाकणला एका कारखान्यात आहे आणि आमच्याकडेच राहतो. सेकंड शिफ्ट असली की कंपनीची बस मोशी-भोसरी करत त्याला मध्यरात्रीनंतर फाट्यावर सोडते. दिवसभर लाइनवर येणारा प्रत्येक नग हातात घेऊन तो खपेल की बाद हे ठरवणं हे त्याचं काम. घरी येतो, मामीने झाकून ठेवलेली भाजी-भाकरी खातो आणि आवाज बारीक करून खेळायला बसतो. मला या वयात झोप कमीच. मीही शेजारी जाऊन बसतो. अशाच रात्री मी 'शॅडो ऑफ द कोलोसस' पाहिला. फुमितो उएदा या जपानी माणसाने २००५ साली तो काढला. आमच्याकडचा २०१८ मधला, नव्याने घडवलेला. गोष्ट दोन ओळींची. एक तरुण मेलेल्या मुलीला घोड्यावर घालून एका निर्मनुष्य देशात येतो, तिला देवळातल्या शिळेवर निजवतो आणि तिथला आवाज त्याला सांगतो की सोळा महाकाय मार, मग ही उठेल कदाचित. बास. त्या अख्ख्या मुलखात दुसरा शत्रू नाही, चिल्लर शिपाई नाहीत, दुकान नाही, माणूस नाही. वारा, गवत, घोडा आणि सोळाजण.

रेल्वेचे रूळ, पुणे-मुंबई रस्ता, डोक्यावरून मेट्रो आणि तिच्याही शेजारून गेलेला दुमजली पूल, अशा ठिकाणी बसून तो रिकामा देश पाहताना माझे डोळे पहिल्यांदा नुसते विसावले. मग पहिला महाकाय आला. दगड, शेवाळ आणि केस यांचा मिळून झालेला, जुन्या मंदिराचा एखादा कोपरा उठून फिरायला निघाला असावा तसा. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात; आपला चालला होता. माझा भाचा त्याच्या पोटरीच्या केसांना लोंबकळला आणि वर चढायला लागला. इथे मला दम भेटला. पकडीचं बटण दाबून धरायचं, आणि धरलेल्या वेळेबरोबर कोपऱ्यातलं एक वर्तुळ झिजत जातं. ते संपलं की खाली. अंगठ्याएवढ्या बटणावर बोट पांढरं पडेपर्यंत दाबून तो तिकडे दगडी डोक्यावर पोचला, तलवार उचलली, आणि तो प्रचंड जीव डोकं हलवायला लागला. राग नसावा त्यात. केसात काही अडकलं म्हणून गाय हलवते तसं काहीसं.

तो पडला तेव्हा मी सवयीने ढोल-ताशाची वाट पाहत होतो. त्याऐवजी कुणाच्या तरी घरी कुणी गेल्यासारखं संगीत सुरू झालं. पडलेल्या देहातून काळे धागे निघाले, आपल्याच नायकाच्या अंगात शिरले आणि जिंकलेला माणूस भोवळ येऊन पडला. आतल्या खोलीतून मामीचा आवाज आला, "कोण गेलं रे?"

"कुणी नाही मामी, गेम आहे."

"मग एवढं रडकं कशाला लावलंयस रात्रीचं?"

असं रडकं लावणारे पुष्कळ झाले आहेत, हे भाच्याने मला नंतर सांगितलं. हिदेओ कोजिमाच्या २००४ मधल्या एका खेळात मध्येच नदी लागते; तिच्यातून चालताना तोवर ज्यांना ज्यांना मारलं ते सगळे समोरून येतात. कमी मारले असतील तर नदी लवकर सरते. खेळाच्या शेवटी आपल्या गुरुबाईला गोळी घालायची असते आणि खेळ ती स्वतःहून घालत नाही. आपण बटण दाबेपर्यंत तिथेच थांबून राहतो. २०१५ च्या 'अंडरटेल'मध्ये कुणालाच न मारता शेवट गाठता येतो, आणि मारून, पस्तावून, मागे जाऊन पुन्हा खेळलात तर तिथलं एक फूल तुम्हाला तुमची करणी ऐकवतं. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात, २०२० मध्ये, पहारेकरी पडला की त्याचा सोबती त्याला नावाने हाक मारतो. कुत्र्यांनासुद्धा नावं आहेत. मला वाटतं रक्ताच्या चिळकांड्यांपेक्षा हे अवघड. चिळकांडीकडून मान वळवता येते. हाकेला कान कसे झाकणार, हात तर बटणांवर असतात.

पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी त्याच वर्षी 'राजी' आणला. भावाला पळवून नेणाऱ्या असुरांशी एक मुलगी लढते. भिंतींवरचे रंग, महाल, कमळं बघत राहावीत असा देखणा खेळ. पण असुर मारताना बोटं जड होत नाहीत, आणि ते काही त्या मुलांचं उणं नव्हे. असुर हे मारण्यासाठीच असतात असं आपण धरूनच चालतो. हे मी बोलून गेलो तर मामी नाराज झाली. तिचं कुलदैवत जेजुरीचं. तिच्या मते आपल्या देवाला मारलेल्यांची सोय लावता येते. मणी मरताना शरण आला तर खंडोबाने त्याला आपल्या ठाण्यात जागा दिली, आणि मल्लाचं नाव तर स्वतःच्या नावातच घेऊन ठेवलं. तेव्हापासून देवाला हाक मारायची तर आधी वैऱ्याचं नाव तोंडात येतं. चंपाषष्ठीला विजयाचा भंडारा उधळतात तेव्हा त्यातला थोडा मणीच्याही अंगावर पडत असणार. हे ऐकून भाचा म्हणाला, "मामी, हे गेममध्ये घातलं ना, तर लोक रडतील." मामी म्हणाली, "रडायचं काय त्यात? येळकोट म्हणायचं."

मामीचं स्वतःचं धोरण मात्र खंडोबापेक्षाही मवाळ आहे. आमच्या घरात उंदीर मारत नाहीत. खोबऱ्याचा तुकडा लावून तारेच्या पिंजऱ्यात धरतात, आणि पहाटे तो पिंजरा पिशवीत घालून रुळांपलीकडे नेऊन सोडायचं काम माझं. त्यामागचा विचार असा की तो तिकडे नवा संसार थाटेल. एका पहाटे पादचारी पुलाच्या मधोमध मला पलीकडून येणारे एक गृहस्थ भेटले. त्यांच्याही हातात पिशवी होती आणि पिशवीला चार काटकोन होते. आम्ही रामराम केला, पावसापाण्याचं बोललो, एकमेकांच्या पिशवीकडे अजिबात न पाहता आपापल्या वाटेने गेलो. परतीच्या वाटेवर मला त्यांच्या उंदराविषयी उगीच आपुलकी वाटत राहिली. तो आमच्या गल्लीत रुळला असावा. मागच्या आठवड्यात पिंजऱ्यात सापडला त्याचा चेहरा मला तरी ओळखीचा वाटला. संजीवनी अजून कासारवाडीत खेळली जाते, एवढाच याचा अर्थ.

तर भाच्याने एकेक करून बारा संपवले. दर महाकायागणिक नायक फिका, मळका होत चालला होता, आणि भाचाही, पण त्याचं कारण शिफ्ट असावी. मग तेरावा आला. वाळवंटातून वाळू झाडत वर उठला आणि आकाशभर लांब देह घेऊन उडायला लागला. भाचा धनुष्य घेऊन तयार. तेरावा खाली येईना, अंगावर येईना, काहीच करेना. पैठणीचा पदर वाऱ्यावर सुटावा तसा वळणं घेत फिरत राहिला. त्याच्या पोटाखाली हवेच्या पिशव्या आहेत, त्या बाणांनी फोडल्या की तो खाली झुकतो, मग घोडा दौडवत पंखावर उडी घ्यायची, हे भाच्याला ठाऊक होतं. त्याने बाण ओढला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"तो काही करतच नाही हो, मामा."

"मग?"

"मग काय. बाद करायला काही कारण नको? आमच्याकडेसुद्धा कारण लिहावं लागतं लाल कार्डावर."

त्या रात्री त्याने मारलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. आला की जेवायचा, खेळ लावायचा आणि घोड्यावर बसून त्या उडणाऱ्या जिवाखालून नुसता फिरायचा. शिफ्ट सुटल्यावर लोक गच्चीवर चक्कर मारतात तसा. मला हे फार आवडलं. मी ते जरा मोठ्याने, कौतुकाने मामीला सांगितलं आणि तिथेच फसलो.

"आणि ती मुलगी?" मामी म्हणाली.

"कोण मुलगी?"

"ती देवळात निजवलेली. तुम्ही दोघं इकडे दया करत बसा. तिला उठवणार कोण?"

"अगं, ती काय खरी आहे?"

"मग तो उडणारा खरा आहे?"

आम्हा मामा-भाच्यांपाशी याला उत्तर नव्हतं. सोळा मारल्याशिवाय ती उठणार नाही, तेरावा मारल्याशिवाय चौदावा येणार नाही, आणि तेराव्याने आमचं काही बिघडवलेलं नाही. अर्जुनाने धनुष्य खाली ठेवलं तेव्हा निदान सारथी हजर होता. आमच्याकडे इनव्हर्टर होता. पुढच्या आठवड्यात भाच्याला फर्स्ट शिफ्ट लागली. पहाटेची बस, रात्री दहाला झोप, आणि तेरावा तसाच वाळवंटावर लटकलेला.

एका दुपारी मी डुलकी काढून उठलो तर मामी टीव्हीसमोर पाट घेऊन बसली होती. चष्मा लावलेला, मांडीवर तो कंट्रोलर, बोटांना अजून कणीक. उंदरासाठी खोबऱ्याचा तुकडा लावणारी ही बाई तोंड घट्ट मिटून वाळवंटात घुसली होती.

"ते धरून ठेवायचं बटण कुठलं हो?" तिने मागे न बघता विचारलं.

मी दाखवलं. ते तिला लगेच जमलं. तेहतीस वर्षं ती दुसरं काय करते आहे. बाणाचंही जमायला लागलं आहे, पण घोडा ऐकत नाही. तो त्या तेराव्याच्या सावलीत गोल गोल फिरत राहतो, आणि मामी त्याला "अरे मेल्या, सरळ चल की" असं म्हणत असते.