रुसलेल्यांची समजूत

देवळात गेलं की काहींना घराचा विसर पडतो. मला अंबाबाईच्या देवळात हटकून घरच आठवतं. गाभाऱ्यापुढं हात जोडले की मनात येतं, बाई गं, तुझाही जन्म रुसलेल्यांची समजूत काढण्यातच गेला.

टेंबलाईचंच बघा. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष, त्यानं म्हणे योगदंडाच्या जोरावर सगळ्या देवांच्या शेळ्यामेंढ्या करून टाकल्या. (आणि त्याही कोल्हापुरात! मधे एखादा रविवार आला असता तर तेहतीस कोटींचा तांबडा-पांढरा व्हायचा.) त्र्यंबुलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, कामाक्षाला मारून देवांना सोडवलं. पुढं विजयाचा सोहळा झाला आणि नेमकं तिलाच बोलवायचं राहिलं. झालं! ती तरातरा निघाली ती गावाबाहेरच्या टेकडीवर पाठ फिरवून बसली. पण अंबाबाईनं 'मी जगदंबा, मी कशाला जाऊ' असं म्हटलं नाही. लवाजमा घेऊन स्वतः गेली. अजून दर ललितापंचमीला तिची पालखी टेंबलाईला जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते.

आमच्या घरची टेंबलाई म्हणजे धाकट्या वन्सं. पुतण्याच्या साखरपुड्याचं निमंत्रण त्यांना व्हॉट्सअॅपवर गेलं, फोन गेला नाही. वन्संनी पाठ फिरवली. घरात कुणी हलेना, तेव्हा मीच गेले. ओटीचं सामान घेतलं आणि वर किलोभर मटण. दार उघडलं तेव्हा चेहरा दगडासारखा. "आमची कशाला आठवण झाली, वहिनी?" मग पिशवीत डोकावून म्हणाल्या, "नळी घातलीय न्हवं?"

मी ओळखलं, कोहळा फुटला.

जोतिबाचीही तीच तऱ्हा. देव हिमालयाकडं परत निघाले, तेव्हा अंबाबाई अनवाणी चालत वाडी रत्नागिरीला गेली आणि त्यांना थांबवलं, असं सांगतात. म्हणून माघ पौर्णिमेनंतर पाच रविवार कोल्हापूरकर चालत डोंगरावर जातात. हे खेटे. यंदा आमच्या चिरंजीवांनी ते धरले. आता जोतिबाचा वार रविवार आणि आमच्या घरी मटणाचाही वार रविवारच. बाप म्हणाला, "चालणार हा आणि उपास आम्हाला?" पोरगी म्हणाली, "मी वांगं खाणार नाही. मी जेवलोच नाही समज." चिरंजीव पहाटे चारला निघणार, म्हणजे त्याला साडेतीनपासून हाका मारायच्या, चहा करायचा, आदल्या रात्रीपासून चार्जिंगला लावलेला मोबाईल हातात द्यायचा. एवढं करून खेटे त्याच्या नावावर.

बरं, अंबाबाई स्वतः कधी रुसली की नाही? रुसली तर! भृगूनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूंनी उलट त्याचेच पाय चेपले, म्हणून लक्ष्मी संतापून वैकुंठ सोडून करवीरला आली म्हणतात. (ती विष्णुपत्नी महालक्ष्मी की आदिशक्ती अंबाबाई, हा वाद कोल्हापुरात हिरिरीनं चालतो. मी त्यात पडत नाही, घरचे पुरेत.) आणि म्हणूनच म्हणे नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो. इतक्या युगांनंतरही नवरा आपला मानाचा शालू पाठवतोच आहे.

आमच्या वैकुंठातून आजवर साधा ब्लाउजपीसही आलेला नाही. जेवताना मी हे ऐकवलं. यांनी पांढऱ्या रश्श्याचा भुरका मारला आणि म्हणाले, "तिनं आधी घर सोडलं, मग शालू आला. तू रुसून माहेरी जाऊन तरी बघ."

पंचाईत अशी, की माझं माहेर मंगळवार पेठेत, घरापासून चालत दहा मिनिटांवर. रुसून गेले तर आई आधी मला पोटभर जेवायला घालेल आणि मग, "जावईबापू उपाशी असतील गं," म्हणून डबा हातात देऊन अंधार पडायच्या आत परत धाडेल.