एकसदस्यीय निवड समिती

डावखुऱ्या खेळाडूंचा सार्वकालिक संघ निवडणारा गृहस्थ लातूर–बार्शी रस्त्यावरच्या बहुतेक मोठ्या गावांत एखादा तरी सापडतो. ढोकीत तो चहाच्या टपरीवर असतो. वय पन्नाशीच्या पुढचे, खिशाला पेन, कागद मात्र कधीच स्वतःचा नाही. शेजारी टेकलेल्या माणसाकडून तो उसाची काटापावती मागून घेतो, कारण तिची मागची बाजू कोरी असते आणि तिच्यावर अकरा नावे नेमकी बसतात. पोरे त्याला मामा म्हणतात, त्यांत सख्खा भाचा एकही नसतो.

हा माणूस घडतो उसाच्या कडेला. ढोकी हे तेरणा सहकारी साखर कारखान्याचे गाव. इथे मैदान म्हणजे सोयाबीन काढून मोकळे झालेले रान, एका अंगाला रस्ता आणि दुसऱ्या अंगाला उभा ऊस. चेंडू एकच, तोही वर्गणीतून आणलेला. उजव्याने ओढून मारला तर तो रस्त्यावर जातो आणि चार धावा मिळतात. डावऱ्याने तोच फटका मारला तर चेंडू उसात जातो. तिथे शिरणाऱ्याचे हात पाचटाने कापतात, चेंडू सापडेपर्यंत दिवस मावळतो. म्हणून नियम होतो, उसात गेला की आऊट. नियम सर्वांना सारखाच असतो, पण तो लागू होतो एकट्या डावऱ्याला. घरी प्रसादाला डावा हात पुढे केला की टपली, शाळेत पाटीवर डाव्या हाताने लिहिले की छडी, आणि मैदानात हे. मराठीत सरस ठरण्याला उजवे ठरणे म्हणतात आणि बाजूला सारण्याला डावलणे. मामांनी हे दोन्ही शब्द व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर शिकलेले असतात.

निवडीचा मूळ नियम एका ओळीचा आहे: फलंदाज फलंदाजीत डावा हवा, गोलंदाज दोन्हींत. ऐकायला तो निरुपद्रवी वाटतो, पण एका फटक्यात विनू मंकड, बिशनसिंग बेदी आणि श्रीरामपूरचा झहीर खान घरी जातात, कारण तिघांची गोलंदाजी डावी आणि फलंदाजी उजवी. पलीकडून रिचर्ड हॅडली जातो, त्याचे उलटे. बेदींच्या 67 कसोटींतल्या 266 बळींची कोणी आठवण करून दिली, की उत्तर ठरलेले असते. ‘‘आरं, बॅट कुठल्या हातानं धरायचा ते सांग. बस खाली.’’

खरी पंचाईत सचिन तेंडुलकरची. तो फलंदाजी उजव्या हाताने करायचा, पण लिहितो आणि सही करतो डाव्या हाताने. त्याच्याशिवाय संघ जाहीर झाला तर टपरीवर चहा मिळणार नाही आणि त्याला घेतला तर नियम मोडतो. मामांनी यावर काढलेला तोडगा निवड समित्यांच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे: सचिन संघाचा स्कोअरर. सौरव गांगुलीचे कोडे याच्या उलट. तो डाव्याने खेळला आणि उजव्याने लिहितो. फलंदाजाला नियमात एकच अट असल्याने तो पात्र ठरतो, पण नंतर फक्त ‘जन्मजात नाही’ एवढ्या शेऱ्यावर खोडला जातो.

हाच शेरा स्मृती मानधनाला लागायला हवा, कारण सांगलीत वाढलेली ही सलामीची फलंदाज चेंडू उजव्या हाताने फेकते. तिथे मामा शेरा विसरतात. 2013 साली एकोणीस वर्षांखालील महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध एका दिवसाच्या सामन्यात तिने 224 धावा केल्या होत्या. ‘‘बायांचा संघ येगळा असतोय मामा,’’ या हरकतीवर निकष हाताचा आहे, असे ऐकवले जाते. तिच्या जोडीला मॅथ्यू हेडन. त्याने 2003 मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध काढलेल्या 380 धावा आणि त्याचे आडवे शरीर या दोन्हींवर कोणाचे दुमत नसते.

तिसऱ्या क्रमांकावर ब्रायन लारा, चौथ्यावर दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅम पोलॉक. 23 कसोटींत 60.97 ची सरासरी हे पोलॉकचे उघड भांडवल, पण त्याचा मोठा गुण वेगळाच आहे. त्याला खेळताना टपरीवरच्या कोणीही पाहिलेले नाही, त्यामुळे त्याच्यावर वाद होत नाही. वाद होतो पाचव्या जागेवर, आणि संध्याकाळचा सर्वांत मोठा भाग तिथेच जातो. एका बाजूला 1971 साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकणारा कर्णधार अजित वाडेकर, ज्यांच्या नावावर 37 कसोटींत एकच शतक आहे. दुसऱ्या बाजूला विनोद कांबळी, 17 कसोटी, सरासरी 54.20, 1993 साली लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके आणि शेवटची कसोटी तेविसाव्या वर्षी. कांबळीचे नाव निघाले की टपरी गप्प होते, चहावाला गॅस बारीक करतो. वाडेकर निवडले जातात, ते कर्णधार हवा म्हणून.

सहावा गॅरी सोबर्स. 8032 धावा, 235 बळी, दोन्ही कामे डाव्या हाताने. पावतीवर हे एकच नाव कधी खोडलेले आढळत नाही. यष्टिरक्षक गिलख्रिस्ट, बोलण्यासारखे काही नाही. वसीम अक्रमला पाकिस्तानचा म्हणून एकदा रीतसर विरोध होतो, मग 414 बळी सांगितले जातात आणि विरोधकच त्याचा यॉर्कर हाताने करून दाखवतो.

बापू नाडकर्णी आणि एकनाथ सोलकर यांच्या जागा मामांच्या खास. नाडकर्णींनी 1964 साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग 21 षटके निर्धाव टाकली. 32 षटकांत 27 निर्धाव, 5 धावा. या माणसाने पाच धावा दिल्याच कशा, असा प्रश्न मामा दरवेळी विचारतात. सोलकर बिनहेल्मेटचे शॉर्ट लेगला उभे राहत, 27 कसोटींत 53 झेल. त्यांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानावर माळी होते, एवढे सांगताना मामा नकळत रानाकडे बघतात.

मराठवाड्याचा अनुशेष हा निवडीतला वेगळा अध्याय. जालन्याचा डावखुरा विजय झोल याने 2011 साली एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या, म्हणून तो कायमचा राखीव. जिल्ह्याचा प्रश्न मात्र सुटत नाही. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर 2022 चा एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आला, पण फलंदाजीही उजवी आणि गोलंदाजीही. ‘‘निदान एक हात तरी,’’ असे म्हणून मामा सुस्कारा सोडतात.

वगळताना मामांची तऱ्हा जवळच्या तेरची असते. तिथल्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा या भागात पोरासोरांना पाठ आहे. मामा पेनाच्या टोकाने नावावर दोनदा ठोकतात, ‘‘कच्चं’’ म्हणतात आणि रेघ ओढतात.

अकरावे नाव मात्र ठोकून पाहिले जात नाही. ते पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत 589 बळी. 1973 च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5. आणि कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात संघात बेदी होते. शिवलकर फलंदाजी कोणत्या हाताने करत, हा प्रश्न मामा विचारू देत नाहीत. दोन्ही हात डावे हवेत हा नियम कोणासाठी काढला होता, ते इथे उघड होते, पण टपरीवर तसे बोलून दाखवण्याची पद्धत नाही.

संघ जाहीर झाला की पावती तिच्या मालकाकडे परत जाते, कारण दुसऱ्या बाजूला त्याचे टनेज असते. तो ती घडी घालून खिशात ठेवतो आणि उसाच्या बिलाची चौकशी करायला जाताना सोबत नेतो. एकदा अशी पावती खिडकीतून परत आली तेव्हा वजनाच्या आकड्याला काही झाले नव्हते. मागच्या बाजूला मात्र अक्रमच्या नावापुढे लाल शाईत वळणदार अक्षरांत लिहिलेले होते: ॲलन डेव्हिडसन, 186 बळी, सरासरी 20.53, फेरविचार व्हावा.