फायरप्लेसभोवतीची सजावट : आमगावकरांसाठी प्राथमिक धडे

सजावटीला हात घालण्याआधी आपल्या घरात फायरप्लेस आहे की नाही, हे एकदा उठून पाहून यावं. आमगावात ती नसते. स्टेशनापासून देवरी रस्त्यापर्यंत चालत जा, एकाही घरावर धुराडं दिसायचं नाही. धुराडी आहेत ती राईस मिलची. उसना तांदूळ करायचा तर धान आधी उकडावं लागतं, त्यासाठी बॉयलरखाली धानाचाच कोंडा जळतो, आणि त्याच्यापुढे सोफा टाकून कॉफी पीत बसायची सोय अजून कुठल्या मिलवाल्याने केलेली नाही.

तरी नाउमेद होऊ नये. आमच्या भाऊजींनी मागच्या वर्षी घर बांधलं, तेव्हा हॉलमध्ये फायरप्लेस हवी हे पाया खणण्याआधी ठरलं होतं. देवघर कुठे, हे वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी. सल्लागार म्हणून मी होतो. खालचे धडे त्या अनुभवातून आलेत, तेव्हा बिनधास्त वापरावेत.

सगळ्यात आधी शेजाऱ्यांसाठी उत्तर पाठ करावं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात, भिंतीला टेकलं तर पाठ भाजते, मग भिंतीत आणखी आग कशाला, असं विचारणारा एकजण तरी भेटतोच. त्याला डिसेंबर-जानेवारीतला पेपर दाखवावा. थंडीची लाट आली की विदर्भात सगळ्यात गार गोंदिया, ही बातमी दर हिवाळ्यात एक-दोनदा तरी छापून येते. पारा सात-आठवर उतरलेला असतो. अशी थंडी वर्षातून दोन-तीन आठवडे टिकते. उरलेल्या एकोणपन्नास आठवड्यांची सोय म्हणजे सजावट.

परंपरेचाही दाखला देता येतो. 1956 पर्यंत आपला हा मुलूख नागपूरसकट मध्य प्रदेशात होता. त्याआधी इंग्रजी अमलात मध्य प्रांताचे साहेब उन्हाळा आला की पचमढीला चढत, वऱ्हाडातले चिखलदऱ्याला. तिथल्या जुन्या बंगल्यांत भिंतीतल्या शेकोट्या हौसेने बांधलेल्या होत्या. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आहे, आमगाव तीनशेच्या आसपास. राहिलेले आठशे मीटर पीओपीवाला भरून काढतो.

आता वस्तू. धूर काढणारं खरं धुराडं बांधणारा मिस्त्री मिळणार नाही, त्याचा शोध घेऊ नये. विजेवर चालणारी पेटी घ्यावी. काचेमागे प्लास्टिकची लाकडं असतात, त्यांच्याखाली एलईडीचा नारिंगी उजेड हलत राहतो आणि पेटीच्या अंगात एक हीटर असतो, बहुधा साडेसातशे आणि पंधराशे वॅटच्या दोन पायऱ्यांचा. पंधराशेवर ठेवली तर तासाला दीड युनिट पडतं. रिमोटवर जाळाचं बटण वेगळं आणि उबेचं वेगळं. त्यामुळे भर उन्हाळ्यात पाहुणे आले तरी कूलरसमोर नुसता जाळ दाखवता येतो. भाऊजींनी तो वास्तुशांतीला दाखवला. गुरुजींनी होमकुंडावरून मान वर करून एकदा तिकडे पाहिलं आणि मंत्र जरा घाईने पुढे नेले.

इथे थोडं विलायतेकडे वळतो, कारण खऱ्या फायरप्लेसबद्दल आपल्या मनात उगाच न्यूनगंड असतो. ती ऊब देण्यात फारशी हुशार कधीच नव्हती. बहुतेक उष्णता धुराबरोबर धुराड्यातून वर निघून जाते, आणि त्या ओढीने खोलीतली गरम हवाही बाहेर खेचली जाते. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात, पाठ गारच. 1796 मध्ये काउंट रमफर्ड नावाच्या गृहस्थाने यावर निबंध लिहिला. त्याने आगीचा खण उथळ केला, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या म्हणजे धग खोलीत फेकली जाईल, आणि धुराड्याचा गळा आवळला. लंडनचे लोक मिस्त्री बोलावून आपल्या शेकोट्या फोडून घेऊ लागले. थोडक्यात, भिंत फोडण्याची हौस फक्त भाऊजींनाच आहे असं नाही.

आपल्याकडे हा विचार वर्ध्याला झाला. मगनवाडीत, जिथे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगांचा संसार मांडला, तिथून धूर नळीवाटे बाहेर काढणारी मगन चूल निघाली. तिच्याभोवती काय सजवावं हे कोणी सांगितलं नाही, कारण तिच्यासमोर बसणाऱ्या बाईला आधी डोळे उघडायचे होते.

यावरून चुलीच्या धड्याकडे येतो. हा धडा भाऊजींच्या आईंनी, म्हणजे सगळ्या घराच्या आजींनी घेतला. नव्या हॉलमध्ये त्यांना खुर्चीवर बसवून मी पेटी सुरू केली. त्यांनी हात पुढे करून धग घेतली, काचेवर बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "येच्यात भात शिजते का?"

नाही म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडे मोर्चा वळवला. पेटीच्या वर आम्ही विटांचा वॉलपेपर लावला होता. विटा कच्च्या दिसतात, छुईचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, हात मारून घ्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग अर्धा तास त्या जुन्या घरातल्या चुलीबद्दल बोलत राहिल्या, आणि तेव्हा मला कळलं की भोवतीची सजावट हा विषय आपल्याकडे इंग्रजांच्या आधीपासून पक्का बसलेला आहे. फक्त त्याला सजावट म्हणत नाहीत.

नवशिक्यांनी लिहून घ्यावं. चूल आणि तिच्या बाजूचा वैल रोज सकाळी पोतेऱ्याने सारवायचा. शेणमातीच्या वर छुईचा पांढरा हात, कडेने बोटाने ओढलेली रेघ. मागे भाणवस, म्हणजे चुलीच्या पाठचा उंचवटा. तिथे मिठाचं मडकं आणि काडीपेटी, कारण भर पावसातही तेवढीच जागा कोरडी. बाजूला फुंकणी, चिमटा आणि भिंतीला टेकवलेला पाट. वर आढ्याला मक्याची कणसं, वाळलेली दोडकी, बियांचे भोपळे टांगलेले. धुराने त्यांना कीड लागत नसे, पुढच्या पेरणीचं बियाणं तिथेच राखलं जाई. कोनाड्यात दिवा. आणि सगळ्यावर काजळीचा एक काळा, चकचकीत थर. असा रंग आज भिंतीवर हवा असेल तर दुकानदार त्याला चारकोल फिनिश म्हणतो आणि चौरस फुटावर पैसे घेतो.

आजींना मी विचारलं, मग हे सगळं पुन्हा मांडू या का, दोडकी वगैरे टांगून? छान दिसेल. त्या म्हणाल्या, "धूर कोन देईन त्याइले?" नवशिक्याने अशा प्रश्नांना उत्तर देत बसू नये. आम्ही दोडकी टांगली. महिन्याभरात त्यांच्यात किडे पडले.

पेटीच्या वरची फळी हा सजावटीचा गाभा समजला जातो. फळी सागाची घ्यावी. या बाजूला साग मिळतो, प्लायवर लॅमिनेट चिकटवण्याइतकी वाईट वेळ अजून आलेली नाही. पुस्तकं सांगतात की वस्तू विषम संख्येत ठेवाव्यात, उंच-ठेंगण्या, मध्ये श्वास घ्यायला जागा सोडून. आमगावात फळीवर मोकळी जागा दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी तिथे विजेचं बिल येतं, त्यावर चष्मा, चष्म्याशेजारी बीपीच्या गोळ्या आणि कोणत्या तरी सत्कारातलं अ‍ॅक्रिलिकचं स्मृतिचिन्ह. या चार वस्तूंना विरोध करू नये. फक्त पाचवी वस्तू आपण ठेवावी म्हणजे संख्या विषम होते. भाऊजींच्या घरी ती पाचवी वस्तू तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे. चाकं असलेला, गळ्यात घुंगरू. फळीवरची सगळ्यात देखणी वस्तू तीच, हे माझं स्पष्ट मत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र तो पोरांना द्यावा लागतो आणि फळी पुन्हा सम होते.

आता चित्रं. इथे आमगावकराला जो मान आहे तो पुण्यामुंबईच्या सजावटकारांना नाही. गावाला लागून पदमपूर आहे. भवभूती आपल्या नाटकांत स्वतःचं गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगतो, आणि संशोधक वा. वि. मिराशींनी ते हेच असल्याचं मांडलं. गावातल्या कॉलेजलाही भवभूतीचं नाव आहे. या आपल्या गाववाल्याने आठव्या शतकात, 'उत्तररामचरिता'च्या पहिल्याच अंकात, भिंतीवरच्या चित्रांनी घरात काय घडतं हे लिहून ठेवलंय. राम, सीता आणि लक्ष्मण महालातली चित्रं पाहत फिरतात. चित्रं त्यांच्याच आयुष्याची. शूर्पणखेचं चित्र आलं की सीता दचकते, आणि रामाला तिला सांगावं लागतं की अगं, हे नुसतं चित्र आहे.

म्हणून पेटीच्या वर कुटुंबाचे फोटो लावताना प्रत्येक फोटोत शूर्पणखा कोण, हे आधी तपासावं. भाऊजींनी 2009 सालच्या एका लग्नातला मोठा ग्रुप फोटो लावला. त्यात धाकटे काका होते. वाटणीपासून त्यांच्याशी बोलणं नाही. ताईने फोटो पाहिला, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर नेमकी मोरपिसं लटकत होती. भवभूतीच्या सीतेला चित्रं पाहून पुन्हा अरण्यात जावंसं वाटतं; ती तसं बोलून दाखवते आणि पुढचं नाटक तिथूनच बिघडत जातं. ताईला तो फोटो पाहून माहेरी जावंसं वाटलं. चार दिवस भाऊजी डब्यावर होते.

तयार चित्र घ्यायचं असेल तर वारलीचं स्टिकर सगळीकडे मिळतं. वारली पालघरची, महाराष्ट्राच्या थेट दुसऱ्या टोकाची. तिथले लोक आपल्या भिंतीवर आमगाव लावत नाहीत. गोंड चित्रं त्या मानाने आपल्या दाराशी आहेत. गोंड घरांत बायका भिंतीवर जे डिगना काढत, त्या मुळातून पुढे मध्य प्रदेशातल्या दिंडोरीकडच्या पाटणगडच्या जनगढसिंह श्याम यांची चित्रं वाढली. ऐंशीच्या दशकात भोपाळच्या भारत भवनाने त्यांना जगापुढे आणलं. ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरलेली हरणं, झाडं, पक्षी. असं एक चित्र त्या नारिंगी उजेडावर लावलं तर पेटीसुद्धा बरी दिसते. भाऊजींनी वारलीचं स्टिकर लावलं. दोनशे रुपयांना तीन होती.

बाजूच्या कोनाड्यांत लाकडं रचून ठेवायची फॅशन आहे. ती पेटत नाहीत, नुसती दिसायची असतात. ओंडके सारख्या जाडीचे कापून, गोल तोंडं पुढे करून रचावेत. आमची रचना सुंदर झाली होती. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला मागच्या अंगणात चूल मांडली तेव्हा त्यातली निम्मी गेली. उरलेल्यांत वाळवी निघाली. आता तिथे राऊटर आहे, इन्व्हर्टरची वायर आहे आणि पोरांच्या वह्या.

गणपतीचं मात्र मानावं लागेल. पेटी काढली की राहिलेला खण अडीच फूट रुंद, दोन फूट उंच. मखराला याहून नेमकी जागा बांधून मिळणार नाही. धानाच्या लोंब्यांचं तोरण लावलं, केळीचे खुंट बाजूला, आणि त्या दहा दिवसांत पहिल्यांदाच त्या भिंतीकडे तोंड करून माणसं बसली. पेटी काढायचा कंटाळा केला आणि मूर्ती तिच्यापुढेच बसवली, तर रिमोट लपवून ठेवावा. दुसऱ्या दिवशीच्या आरतीला धाकट्या भाच्याने जाळाचं बटण दाबलं होतं.

शेवटी हिवाळा. डिसेंबरात एक रात्र अशी येते की सजावट पूर्ण होते, पारा उतरतो आणि सगळं जुळून येतं. आम्ही नऊजण सोफ्यावर बसलो, पंधराशे वॅट सुरू केले. गुडघ्यांना ऊब लागली. पाठ गारच. रमफर्डची आठवण झाली. दहा मिनिटांनी वीज गेली.

मागच्या पडवीत आजी आधीच गोरशी घेऊन बसल्या होत्या. मातीची, पसरट, खाली राख, वर गोवरीचा इंगळ. गोरशीबद्दल एकच नियम आहे आणि तो गमतीने घेऊ नये: दारंखिडक्या लावून बंद खोलीत ती ठेवायची नाही, झोपताना तर मुळीच नाही, इंगळाचा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी असते, तिथे भीती नाही. एकेक करत सगळे तिथे गेले. राखेत बटाटे पुरले होते. कोणीतरी झाडीपट्टीच्या नाटकाचा विषय काढला, वडशाहून कोणती मंडळी कधी येणार, चादरी किती न्यायच्या. सोफ्यावरच्या उशा हळूहळू पडवीत आल्या. मोरपिसांमागच्या काकांचाही विषय निघाला. त्यांच्याकडे यंदा धान किती झालं, हे ताईनेच विचारलं.

सोफा हलवण्याच्या फंदात नवशिक्यांनी पडू नये, तो दारातून निघत नाही. बटाटे संपले आणि इंगळ राखेखाली गेला की उठून हॉलमध्ये एक चक्कर टाकावी. वीज कधीच परत आलेली असते आणि काचेमागे जाळ एकटाच चालू असतो. तो बंद करावा. रिमोट आजींच्या गोधडीखाली सापडतो.