लाल म्हणजे नेमका कोणता?

जास्वंदीचं फूल लाल येईल का, असं विचारलं की नर्सरीवाला ‘हो’ म्हणतो. शेंदरी येईल का, तरी ‘हो’च म्हणतो. रोपाला कळी नसते, त्यामुळे त्याला खोडूनही काढता येत नाही.

सासूबाईंचा रंगांचा अभ्यास साड्यांच्या घड्या उलगडून झालेला. एखाद्या फुलाकडे बघून त्या ‘हा लाल नव्हे, राणीकडे झुकलेला डाळिंबी’ असा निकाल देतात, आणि त्यावर अपील नसतं. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटिश संस्थेने १९६६ साली याच कामासाठी रंगतक्ता काढला. पाकळी पट्टीला भिडवायची आणि जुळेल तो क्रमांक टिपायचा. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “फुलाला नंबर? रेशनची रांग आहे का?”

खरी अडचण जास्वंदीचीच आहे. तिचा लाल-गुलाबी रंग अँथोसायनिनचा, पिवळा-केशरी बहुतेक कॅरोटिनॉइडचा, आणि त्यांचं प्रमाण ऊन-थंडीप्रमाणे हलतं. डिसेंबरात गडद असलेलं फूल एप्रिलात त्याच झाडावर फिकं पडतं. कधी एखादीच फांदी घरच्यांना न विचारता वेगळ्या रंगाचं फूल देते. ती फांदी लावली की नवी जात तयार! जास्वंदीची बहीण स्थलकमळ तर सकाळी पांढरी, दुपारी गुलाबी आणि संध्याकाळी लाल. तिचा क्रमांक किती वाजता टिपायचा?

म्हणून जाणकार नुसत्या रंगावर विसंबत नाहीत. पाकळ्यांच्या मुळाशी गडद डोळा आहे का, कडेला वेगळी छटा आहे का, मधला दांडा कोणत्या रंगाचा आणि त्याच्या टोकावरच्या पाच मखमली गाठी कशा, हे सगळं ते बघतात. डबल फुलात पुंकेसरच पाकळ्या होऊन बसतात, मग दांडाही त्या गर्दीत शोधावा लागतो.

आमच्या सोसायटीत पद्धत याहून सोपी आहे. पहाटे फिरायला येणारी भाविक मंडळी पिशवी घेऊनच निघतात, आणि गणपतीला लाल जास्वंद प्रिय, हे त्यांना अंधारातही दिसतं. सातच्या सुमारास ज्या झाडावर फुलं शाबूत, ते पिवळं. ज्यावर एकही नाही, ते लाल. राणीकडे झुकलेल्या डाळिंबीबद्दल मात्र भाविकांतच मतभेद असावेत, कारण त्याची निम्मी फुलं रोज शिल्लक राहतात.