शिळ्या रोडग्याची ब्रुस्केत्ता: एक गृहोपयोगी मार्गदर्शन

भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत ब्रुस्केत्ता करता येते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण या विषयावरचं बहुतेक मार्गदर्शन वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत नागपूरला पाठवतं. ऑलिव्हचं तेल, बेसिलची जुडी, आंबवलेल्या कणकेचा गोल पाव, अशी यादी खिशात घालून माणूस साठेक किलोमीटर जातो, तेवढेच परत येतो आणि शेवटी भाजलेल्या पावावर टमाटर चिरून ठेवतो. जाण्यायेण्याच्या खर्चात घरी तीन दिवसांची भाजी झाली असती. तो खर्च वाया जातो, कारण तो चुकीच्या वस्तूंवर होतो. इटलीतून काही आणायचंच असेल तर तिथलं सामान आणू नये, तिथली अडचण आणावी. अडचणीला भाडं पडत नाही, आणि आपल्याकडे ती आधीपासून साठवलेली आहे.

ती अडचण कोणती, हे नीट समजून घेतलं पाहिजे. इटलीच्या मधल्या आणि दक्षिणेकडच्या शेतकरी घरांत पाव रोज भाजत नसत. भट्टी पेटवणं खर्चाचं काम, म्हणून जाड सालीचे मोठे पाव एकदम भाजून ठेवायचे आणि पुढचे कित्येक दिवस कापून खायचे. शेवटी शेवटी सुरीच हार मानायची. दुसरीकडे नोव्हेंबराच्या सुमारास घाण्यावर ऑलिव्हचं नवं तेल पडायचं, हिरवं आणि घशाला खरखरणारं. ते कसं उतरलंय हे चाखून बघायचं असायचं. शिळा पाव निखाऱ्यावर भाजला, त्यावर लसूण घासली, नवं तेल ओतलं, मीठ भुरभुरवलं, की दोन्ही कामं एकदम उरकली आणि ब्रुस्केत्ता झाली. तोस्काना प्रांतात आजही एवढ्याच ऐवजाला फेत्तुंता म्हणतात. यात टमाटर कुठेच नाही. टमाटर अमेरिकेतून आलं; मात्तिओली नावाच्या वैद्याने 1544 साली त्याची नोंद केली, आणि इटलीतल्या छापील पाककृतींत शिरायला त्याला 17वं शतक संपत आलं. चित्रात सगळ्यात वर मिरवणारा जिन्नस इतिहासात असा सगळ्यात मागून आला. तेव्हा पाककृतीची सुरुवात टमाटरापासून करणाऱ्या मार्गदर्शकावर विश्वास ठेवू नये.

आता शिळं काय घ्यायचं? दुकानातल्या पांढऱ्या स्लाइस ब्रेडचा विचार पहिल्या फेरीतच बाद करावा. तो मऊ राहावा म्हणूनच जन्माला घातलेला असतो. पिशवीत त्याला बुरशी येते, पण रीतसर शिळं होणं त्याला जमत नाही. भाजला तर वरून करपतो, आतून ओला राहतो, आणि त्याचा गोडवा लसणीशी भांडतो. खरा पेच तांदळाच्या भाकरीचा आहे. धानाच्या आणि चिन्नोरच्या जिल्ह्यात पहिला मान तिचा, असं कोणीही म्हणेल, आणि भावनेच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण तांदळात ग्लुटेन नसतं, त्यामुळे भाकरीला आतून जाळी पडत नाही. शिळी भाकर निखाऱ्यावर छान कडक होते, मात्र तेल तिच्यात मुरण्याऐवजी वरून वाहून ताटात जातं. म्हणून प्रादेशिक अस्मितेला क्षणभर बाजूला सारून रोडगा निवडावा. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला, जाड सालीचा आणि आतून भेगाळलेला रोडगा दुसऱ्या दिवशी जसा होतो, तशा अवस्थेला पोहोचायला इटलीच्या पावाला बरेच दिवस लागतात. पाहुण्यांच्या पानात तो उरत नाही, ही एकच अडचण. त्यामुळे रोडग्यांचा बेत असेल तेव्हा चार गोळे जास्तीचे करावेत आणि ते लपवून ठेवावेत. शिळेपणाचं नियोजन आदल्या दिवशीच करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी राख झटकून रोडग्याचे बोटभर जाडीचे काप करावेत. निखारे नसतील तर लोखंडी तवा चालतो, पण तव्याला तेलाचा थेंबही लावू नये. तेल आधी लागलं की काप तळला जातो, आणि तळलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर लसूण घसरते. कोरडा भाजलेला काप खरखरीत असतो, तो किसणीचं काम करतो. लसणीचा झणका अख्ख्या पाकळीत तयार नसतो. पाकळी चिरडली, तिच्या पेशी फुटल्या, की त्यातल्या दोन निराळ्या गोष्टी एकत्र येतात आणि मग तो बनतो. म्हणून पाकळी अर्धी कापून गरम कापावर दोनदाच घासावी. तिसऱ्यांदा घासायची इच्छा होईल. संध्याकाळी कोणाच्या शेजारी बसायचं आहे, हे आठवून ती आवरावी.

तेलाच्या बाबतीत मात्र कसलीही तडजोड नको, आणि इथेच भंडाऱ्याची बाजू सर्वांत भक्कम आहे. धान कापायच्या आधी उभ्या बांधीत, जमिनीच्या ओलीवर, जवस आणि लाखोरी फेकून पेरण्याची पैरा पद्धत या भागात जुनी आहे. त्या जवसाचं पीक हिवाळा सरता सरता हाती येतं, आणि घाण्यावरून उतरलेलं ताजं तेल कच्चंच जेवणावर घ्यायची विदर्भाची रीत आहे. आक्षेप असा येईल की ऑलिव्हची चव निराळी. निराळी आहेच, पण ब्रुस्केत्ताला हवी असते नव्या तेलाची चव, आणि महिनोन्‌महिने काचेच्या कपाटात उन्हं खात उभी राहिलेली आयात बाटली ती देऊ शकत नाही. उलट जवसाच्या तेलाला नवं असण्यावाचून गत्यंतरच नाही. त्यातलं निम्म्याहून अधिक स्निग्ध द्रव्य हवेने झटपट बिघडणाऱ्या जातीचं असतं, त्यामुळे थोडं आणावं, गडद बाटलीत थंड जागी ठेवावं, तापवू नये, आणि कडू वास आला की बिनदिक्कत टाकून द्यावं. काही जण विचारतील, हेच तेल रंगकाम करणारे लाकडाला लावतात ना? लावतात. पण हार्डवेअरच्या दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात. ते खाण्याचं नव्हे. पाहुणे कितीही नकोसे असले तरी घाणा आणि हार्डवेअर यांत गल्लत करू नये.

टमाटराला पूर्ण बंदी नाही. हंगामातली पिकली भेदरं, म्हणजे आपली टमाटरं, बारीक चिरून मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवावीत, सुटलेलं पाणी वेगळं प्यावं, नाहीतर कापाचा लगदा होतो. फक्त ही चाळणी भंडाऱ्याच्या पितळी परातीत ठेवण्याआधी परातीची कल्हई तपासावी. आंबट रस उघड्या पितळेला सोडत नाही. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला की पुरे. बेसिलचाच हट्ट असेल तर फालुद्यात ज्याचं बी पडतं त्या सब्जाची पानं घ्यावीत, वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने तीच जात आहे. अंगणातल्या तुळशीला हात लावू नये. ती जात वेगळी, चव औषधी, आणि घरातल्या आजीला यातलं पहिलं कारण पटवून देण्यात संध्याकाळ निघून जाईल.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शिळ्याची सोय लावायला आपल्याकडे फोडणी देऊन केलेला कुस्करा असताना हा उपद्व्याप कशाला? उत्तर असं, की कुस्करा होताना शिळेपणा लपवला जातो. हळद, कांदा, मोहरी यांच्या गर्दीत पोळी कालची होती हे कोणाला कळत नाही, आणि तेलही तापून आपली चव गमावून बसतं. नवं तेल चाखायचं असेल तर त्याच्याखाली गप्प बसणारा, पण कणखर आधार लागतो. मग याला ब्रुस्केत्ता म्हणावं का, असं अजूनही कोणी विचारलं तर म्हणू नये. ताट पुढे करावं. काप तेल घातल्यापासून चारपाच मिनिटांत संपले पाहिजेत, नंतर ते वातड होतात. उरलेच, तर त्यांचा कुस्करा करावा. लसूण आधीच लागलेली असल्याने फोडणीत वेगळी घालावी लागत नाही.