औंदा कुठं?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भात झोडून झालं की काही तरुण बाप अचानक तज्ज्ञ होतात. एरवी या माणसाला तलाठी बस म्हणत नाही, ग्रामसेवक ओळख दाखवत नाही, आणि घरात तर त्याचं मत विचारायची पद्धतच नाही. पण दिवाळी तोंडावर आली की जो भेटेल तो रामराम झाल्याबरोबर एकच विचारतो, "औंदा कुठं?" आणि आपल्या गड्याचा भाव वधारतो. लगेच उत्तर दिलं तर तो तज्ज्ञ कसला? तो तंबाखू मळतो, चुना झटकतो, समोरच्या डोंगराकडं बघत म्हणतो, "इचार चाललाय."

वय पंचविशीच्या आसपास. शाळा नववीपर्यंत, म्हणजे नववीच्या निकालापर्यंत. थोरली पोर पहिलीत, धाकटा अजून आईच्या अंगावर. नागली-वरईचा डोंगरउताराचा तुकडा, भाताची दोन खाचरं. त्यातलं धान्य होळीपर्यंत पुरलं तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. म्हणून दिवाळी करून जगायला बाहेर पडायचं आणि रोहिणीच्या सुमाराला परत यायचं. पाड्यावरची निम्मी घरं हेच करतात. फरक इतकाच, की बाकीचे मुकाट जातात आणि हा अभ्यास करून जातो.

अभ्यासाची जागा म्हणजे पाड्यामागची टेकडी. खाली मोबाइलला रेंज नाही. वर एका कातळावर उभं राहून मान ईशान्येला केली की दोन काड्या येतात. तिथून तो वसईच्या साडूला, वाड्याच्या मावसभावाला आणि भिवंडीच्या एका जुन्या मुकादमाला फोन लावतो. चौकशीचे मुद्दे ठरलेले : पाणी नळाचं की टँकरचं, खोपटाला ताडपत्री मालक देतो की आपली न्यायची, आठवड्याची खर्ची बाजाराच्या दिवशी मिळते की बाजार उठल्यावर, आणि रात्री पिऊन ओरडणारा मुकादम आहे का. परदेशात स्थायिक व्हायला निघालेली पुण्याची जोडपी याहून जास्त काय विचारत असतील? ती शाळा आणि दवाखाना विचारतात. तेही हा विचारतो, फक्त बायकोनं आठवण केल्यावर.

पहिला प्रश्न दिशेचा. इथून जगायला दोनच बाजूंना जाता येतं, वर घाटावर किंवा खाली बंदरपट्टीला. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० फुटांवर, मोखाड्याचा सूर्यमाळ त्याहूनही उंच. थंडीत इथं पहाटे शेकोटी सोडून उठवत नाही. अशा माणसाला त्र्यंबकेश्वरावरून पुढं नाशिकच्या द्राक्षमळ्यात जा म्हटलं, तर तो दुखावतो. "घरची थंडी फुकट हाय ना? मग ती विकत घ्यायला घाटावर कशाला जायाचा?" त्याचं म्हणणं, गरम मुलखात गोधडीचा खर्च वाचतो, पोरांची नाकं गळत नाहीत आणि उघड्यावर झोपता येतं. एप्रिलमध्ये वीटभट्टीजवळ माणूस कसा झोपतो, हा मुद्दा त्याच्या अभ्यासक्रमाबाहेरचा.

बंदरपट्टी ठरली, की एकेक गाव परीक्षेला बसतं आणि नापास होतं. डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांत सावली आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन चिकूला आहे, तोडणाऱ्याला नाही, आणि दिवसभर शिडीवर उभं राहून याची मान अवघडते. तारापूरच्या कारखान्यांत पगार बँकेत जमा होतो, पण वास डोक्यात बसतो. वेरावळच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलं तर रोकड चांगली. मात्र पालघर जिल्ह्यातल्या खलाशांना पाकिस्तानी गस्तीनं धरून कराचीच्या तुरुंगात ठेवल्याच्या बातम्या त्याच्या कानावर आहेत. "आपण वेरावळ ठरवायचा आणि पोचायचा कराचीला. तिकडं होळीला कोण सोडणार?"

हे होळीचं कलम फार कडक आहे. शिमग्याला गावी आलंच पाहिजे. त्या सुमाराला मोखाड्याचा बोहाडा असतो, आणि घरात एखाद्या सोंगाचा मान असला तर पगार बुडालेला चालतो, सोंग बुडालेलं चालत नाही. मालकाशी घासाघीस करताना तो मजुरीबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि होळीच्या रजेबद्दल दहा.

वसई-विरारचा मजूर नाका त्याला मनातून आवडतो. सकाळी सातला उभं राहायचं, भाव ठरवायचा, पटलं तर जायचं. त्याचं एस.टी.चं गणितही तोंडपाठ आहे : २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, थोरलीला अर्धं, धाकटा फुकट. "घरात पुरं तिकीट माझंच. म्हणजे खरा खर्चिक मीच," हे तो स्वतःच कबूल करतो. पण नाक्यावर राहायचं कुठं? पुलाखाली. आणि तिथं बायको एकच प्रश्न विचारते, "रातच्याला पोरीला बाहेर नेयाचा तर कुठं नेऊ?" नाका नापास.

गावातच का राहत नाही, असं त्याला विचारणारे शहाणे दर वर्षी भेटतात. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, म्हणजे त्याच्या बापाच्या लहानपणापासून हमी आहे. तो बंधाऱ्यावर राबलाही आहे. "कामाची हमी हाय. पैसं कोणत्या अमावास्येला येतील त्याची नाय." आणि पाणी? पावसाळ्यात इथं आभाळ फाटतं, आणि उन्हाळा तापला की त्याच पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणेचं धरण उभं राहिलं, २०१४ पासून ते मुंबईची तहान भागवतं. यावर त्याचं भाष्य तयार असतं : "इथलं पाणीच जगायला मुंबईला जातं, तर आपण कोण?"

याच दिवसांत उलट्या दिशेनं पाहुणे येतात. जव्हारला 'पालघरचं महाबळेश्वर' म्हणायची पद्धत पडली आहे, त्यामुळं मीरा रोड-विरारकडची तरुण जोडपी जयविलास पॅलेस बघतात, दाभोसा धबधब्यापाशी फोटो काढतात आणि परतताना रस्त्याकडेला गाडी थांबवून विचारतात, "इथं सेटल व्हायला कसं आहे हो?" आपला गडी त्यांनाही तितक्याच गांभीर्यानं सल्ला देतो. थंडी जाम, रेंज टेकडीवर, दवाखान्याचा डॉक्टर असला तर असला. त्यातून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर परवानग्यांचा डोंगर, त्यामुळं ते काही खरं नाही. "त्यापरीस तुमचा विरार बरा," तो कळवळून सांगतो. जोडपं हिरमुसतं. हवा इतकी छान असलेल्या गावाबद्दल तिथलाच माणूस असं का बोलतो, हे कोडं घेऊन ते घाट उतरतात.

आता आतली गोष्ट. हा एवढा अभ्यास, टेकडी, साडू, चिकू, कराची, सगळं चालू असताना जागा केव्हाच ठरलेली असते. श्रावणात कणगी रिकामी झाली आणि धाकट्याला ताप भरला, तेव्हा भिवंडीकडच्या एका भट्टीवाल्याचा मुकादम पाड्यावर येऊन गेला होता. त्याच्याकडून यानं उचल घेतली. ती गणपतीच्या आतच किराणा, दवाखाना आणि एका जुन्या देण्यात विरघळली. म्हणजे औंदा कुठं, याचं उत्तर श्रावणातच पावसात भिजत दिलेलं आहे. मुकादमाला ते ठाऊक आहे, बायकोला ठाऊक आहे, विचारणाऱ्या शेजाऱ्यालाही ठाऊक आहे, कारण त्यानंही त्याच दिवशी त्याच मुकादमाकडून घेतली.

तरीही सगळे विचारतात आणि हा उत्तर शोधतो. मला यात त्याचं हसू येत नाही, उलट त्याच्या चिकाटीचं कौतुक वाटतं. वेठबिगारी कायद्यानं १९७६ साली बंद झाली. श्रमजीवी संघटनेनं १९८२ पासून याच मुलखात त्यासाठी मोर्चे काढले, माणसं सोडवली. आता कुणाला कुणी बांधून ठेवत नाही, हे तो छाती काढून सांगतो. "माणसाला नाय बांधत. हिशेबाला बांधतात." भट्टीच्या हिशेबात वही मालकाची, पेन मालकाचं, चष्मा मालकाचा. सही मात्र याची, आणि ती तो मोठ्या झोकात करतो, कारण बापाचा अंगठा होता.

भट्टीवर एकट्या माणसाला कुणी विचारत नाही, तिथं जोडी लागते. तो चिखल करणार, ती विटा पाडणार, किंवा उलट. मजुरी हजारी विटांवर, जोडीला मिळून. बायको रुसून माहेरी गेली तर उचल अंगावर. म्हणून दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तो तिच्याशी इतका गोड वागतो की सासूला शंका येते.

निघायच्या आदल्या दिवशी शाळेत जावं लागतं. गुरुजी स्थलांतरित पोरांचं शिक्षण हमी कार्ड भरतात, जिथं जाल तिथल्या शाळेत ते दाखवायचं. गुरुजी विचारतात, "कुठं निघालात? गाव सांग." हा बाकावर टेकतो, घाटापासून सुरुवात करतो, वेरावळपर्यंत पोचतो. गुरुजी पेन धरून थांबलेले. मागून बायको म्हणते, "भिवंडी लिवा, गुरुजी."

टेम्पो पहाटे येतो. तांदळाचं गाठोडं, चुलीची भांडी, ताडपत्री, पाटीखाली दोन कोंबड्या, वर माणसं. विक्रमगड मागं पडतं, वाड्याला चहाला थांबतात, उकाडा जाणवायला लागतो. टेम्पोत दुसऱ्या पाड्यावरचं एक नवं जोडपं आहे, लग्नानंतरची पहिलीच खेप. तो पोरगा बिचकत विचारतो, "दादा, भिवंडी कशी हाय?" आपला गडी सरसावून बसतो. "आता पयल्यासारखी नाय राहिली. पुढल्या सालाला मी दुसरीच जागा बघून ठेवलीय. तिकडं असा हाय, की..."

बायको धाकट्याला उचलून त्याच्या मांडीवर ठेवते. "मुतलाय. धर."